कंपनी सावरली, पॉलिसीधारक ताटकळला

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे पेटले आणि १६ हजारांहून अधिक बांधकामे जळून गेली. त्या घरांचे विमे ज्या कायद्याखाली विकले गेले तो १९८८ सालचा होता. त्याखालच्या नियमांनुसार कंपनीने वणव्याचा धोका मोजायचा तो मागच्या किमान २० वर्षांच्या नुकसानीची सरासरी काढून. पुढे काय होऊ शकते याचे संगणकीय अंदाज दर ठरवताना धरायचे नाहीत. डोंगरउतारांवर वस्ती वाढली, पाऊस हुकू लागला, झुडपे वाळून कोळ झाली, तरी नियम तोच राहिला. तो बदलला डिसेंबर २०२४ मध्ये, आग लागण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी. तोवर ऑलस्टेट आणि स्टेट फार्म या बड्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणे थांबवले होते, आणि ‘फेअर प्लॅन’ या शेवटच्या आसऱ्याच्या योजनेतल्या पॉलिसी चार वर्षांत दुपटीहून वाढून साडेचार लाखांच्या घरात गेल्या होत्या.

कायदा वेळेवर बदलल्याने आग टळली नसती. पण कोणाच्या हातात कोणती पॉलिसी उरली होती, आणि तिच्यातून घर पुन्हा उभे राहण्याइतके पैसे मिळणार होते का, हे बऱ्याच अंशी कायद्याने ठरवले. म्हणून अमेरिकेतल्या राज्यांच्या विमा कायद्यांचा हा प्रश्न मुळापासून पाहायला हवा. कायदे जुने झाले हे सगळ्यांना दिसत असते. मग ते बदलतात केव्हा, कोणाच्या रेट्याने, आणि कोणासाठी?

मराठी वाचकाला इथे आधी एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. आपल्याकडे विमा हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, सातव्या अनुसूचीतील नोंद ४७. १९३८ चा विमा कायदा संसदेने बदलला की तो गडचिरोलीत आणि पणजीत एकाच वेळी बदलतो. अमेरिकेत ५० राज्यांचे ५० कायदे आहेत, प्रत्येकाचा वेगळा विमा आयुक्त आहे, आणि ११ राज्यांत तर हा आयुक्त थेट मतदारांकडून निवडून येतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे मराठी कुटुंब कामानिमित्त टेक्सासला गेले, तर त्यांच्या गाडीचा आणि घराचा विमा वेगळ्या कायद्याखाली जातो. टेक्साससह चार राज्यांची विधिमंडळे दोन वर्षांतून एकदाच नियमित अधिवेशन घेतात. एखादी सुधारणा सर्वांना पटली तरी ती देशभर पोहोचायला दहा वर्षे लागणे तिथे नवलाचे नाही.

ही रचना ठरवून झाली असे नाही. पीटर्सबर्ग या गावात सॅम्युअल पॉल नावाचा एजंट न्यूयॉर्कच्या कंपन्यांचे आगीचे विमे विकत होता. व्हर्जिनिया राज्याने परराज्यातल्या कंपन्यांवर रोखे ठेवण्याची अट घातली होती. ती न पाळता त्याने विमा विकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८६९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की विम्याची पॉलिसी देणे हा व्यापार नव्हे, त्यामुळे आंतरराज्य व्यापारावरचा केंद्राचा अधिकार इथे लागू होत नाही. विमा राज्यांकडे राहिला तो या एका निर्णयामुळे. दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, राज्यांच्या आयुक्तांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली. आज ‘एनएआयसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था नमुना कायदे तयार करते. ते मंजूर करायचे की नाही, केव्हा आणि किती फेरफार करून, हे मात्र प्रत्येक विधिमंडळ ठरवते.

त्याआधीच्या एका माणसाचे काम सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅसॅच्युसेट्सचे एलिझर राइट हे गणिताचे प्राध्यापक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. १८४४ मध्ये ते लंडनला गेले असताना रॉयल एक्स्चेंजमध्ये त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आयुर्विमा पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ते भरणे झेपेना, कंपनी काही परत देईना, म्हणून हे लोक पॉलिसी विकत होते. आणि घेणाऱ्याचा फायदा म्हातारा लवकर मरण्यात होता. राइट यांना त्यात गुलामांचा बाजार दिसला. पुढे ते राज्याचे विमा आयुक्त झाले आणि त्यांच्या प्रयत्नाने १८६१ मध्ये कायदा झाला: हप्ता थकला म्हणून जमा झालेले सगळे बुडणार नाही, राखीव रकमेच्या चार पंचमांशातून कंपनीने मुदतीचा विमा चालू ठेवायचा. आज आपण एजंटला ‘सरेंडर केली तर किती मिळतील’ असे विचारतो, त्या हक्काची मुळे या विचारात आहेत. हा कायदा पॉलिसीधारकासाठी होता, आणि त्यामागे न्यायाची चाड आणि पक्के गणित या दोनच गोष्टी होत्या. पुढच्या दीडशे वर्षांत असे फार थोड्या वेळा घडले.

१९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने नेमलेल्या आर्मस्ट्राँग समितीने बड्या आयुर्विमा कंपन्यांची झाडाझडती घेतली. पॉलिसीधारकांच्या पैशातून राजकीय पक्षांना देणग्या, नातलगांची भरती, संचालकांच्या खासगी सौद्यांसाठी कंपनीचा निधी असे सगळे उजेडात आले. समितीचे वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. १९०६ चे कायदे कडक होते आणि इतर राज्यांनी ते उचलले. इथे रेटा लोकांच्या संतापाचा होता.

१९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी स्वतःचाच जुना निर्णय फिरवला. साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स असोसिएशन ही आग विमा कंपन्यांची संघटना संगनमताने दर ठरवत होती. न्यायालय म्हणाले, विमा हा व्यापारच आहे आणि मक्तेदारीविरोधी केंद्रीय कायदा त्याला लागू पडतो. राज्ये आणि कंपन्या दोघेही हादरले. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचे नियमन पुन्हा राज्यांकडे सोपवले, पण अट घातली: राज्य ज्या प्रमाणात स्वतः नियमन करील त्या प्रमाणातच मक्तेदारीविरोधी कायदा दूर राहील. त्यासाठी १९४८ पर्यंतची मुदत मिळाली. वर्षानुवर्षे हललेली नव्हती ती विधिमंडळे भराभर दरनियंत्रणाचे आणि अनुचित व्यवहारबंदीचे कायदे करू लागली. वॉशिंग्टन आपला अधिकार काढून घेईल ही भीती मागे असली की राज्ये धावतात, हे तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

खरी परीक्षा झाली ती १९८० च्या दशकात. मिशन इन्शुरन्स, ट्रान्झिट कॅज्युअल्टी अशा कंपन्या एकामागून एक बुडाल्या. खासदार जॉन डिंगेल यांच्या उपसमितीने फेब्रुवारी १९९० मध्ये अहवाल काढला. राज्यांचे नियमन किती ढिले आहे, हिशेब किती उशिरा तपासले जातात, पुनर्विम्याची, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी घेतलेल्या विम्याची, कागदी घरे कशी बांधली जातात, हे सारे त्यात होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या आयुक्तांना एक्झिक्युटिव्ह लाइफ ही आयुर्विमा कंपनी ताब्यात घ्यावी लागली. जास्त परताव्याच्या आशेने तिने दुय्यम प्रतीचे रोखे खच्चून भरले होते. ज्यांच्या मालकांनी पेन्शनची जबाबदारी या कंपनीवर सोपवली होती त्या निवृत्त कामगारांचे आणि अपघाताच्या भरपाईवर जगणाऱ्यांचे हाल झाले. जुलैमध्ये न्यू जर्सीची म्युच्युअल बेनिफिट लाइफही गेली.

यातून दोन गोष्टी निघाल्या. आधुनिक विमा कायद्यात त्यांच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही घडलेले नाही, असे मला वाटते.

पहिली, जोखमीनुसार भांडवल. पूर्वी कंपनीला ठरावीक रकमेचे भांडवल लागे. पुढे तिचा पसारा कितीही वाढला, तिने कितीही धोक्याचे रोखे घेतले, तरी तो आकडा तोच. १९९३ आणि १९९४ पासून लागू झालेल्या पद्धतीत आधी कंपनीच्या जोखमींचा हिशेब करून किमान भांडवल काढतात आणि तिच्याजवळचे भांडवल त्याच्या किती टक्के आहे ते पाहतात. २०० टक्क्यांच्या खाली गेले की कंपनीने सुधारणेचा आराखडा द्यायचा. १५० च्या खाली आयुक्त स्वतः तपासून आदेश काढतो. १०० च्या खाली कंपनी ताब्यात घेण्याचा अधिकार त्याला मिळतो, आणि ७० च्या खाली गेल्यावर ताबा घ्यावाच लागतो. या पायऱ्यांनी आयुक्ताला अधिकार दिला आणि त्याच्या चालढकलीची वाटही बंद केली. बडी कंपनी, स्थानिक रोजगार, आमदारांचे फोन अशा दबावाखाली असलेल्या अधिकाऱ्याला ‘कायद्यानेच हात बांधले आहेत’ असे म्हणता येणे हे फार मोठे बळ आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अधिस्वीकृती, आणि तिची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. १९९० पासून एनएआयसी प्रत्येक राज्याच्या विमा खात्याची तपासणी करते: आर्थिक भक्कमपणाचे ठरावीक कायदे तुमच्याकडे आहेत का, पुरेसे तपासनीस आहेत का, तपासणी वेळेवर होते का. जे राज्य यात बसत नाही त्याने केलेली कंपन्यांची तपासणी इतर राज्यांनी मानावी असे बंधन उरत नाही. मग त्या राज्यात मुख्यालय असलेल्या कंपनीला ठिकठिकाणी पुन्हा तपासणीला उभे राहावे लागण्याचा धोका येतो. साहजिकच कंपन्याच आपल्या विधिमंडळाच्या दारी जाऊन सांगतात की हा कायदा लवकर मंजूर करा. सुधारणेला विरोध करायची ज्यांची ताकद, त्यांचाच स्वार्थ सुधारणेच्या बाजूला आणून ठेवणे, ही या योजनेतली हुशारी. आज सर्व ५० राज्ये अधिस्वीकृत आहेत.

बाहेरचा दट्ट्या कसा काम करतो याची आणखी दोन उदाहरणे. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यात काँग्रेसने लिहिले की तीन वर्षांत बहुसंख्य राज्यांनी एजंटांच्या परवान्याचे नियम एकसारखे किंवा परस्परमान्य केले नाहीत तर केंद्रीय संस्था स्थापन होईल. एजंटांना प्रत्येक राज्यात वेगळा परवाना काढावा लागण्याची तक्रार कित्येक दशकांची होती. त्या तीन वर्षांत बहुसंख्य राज्यांनी परस्परमान्यतेचे नियम केले. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात करार झाला. पूर्वी युरोपीय पुनर्विमा कंपनीला अमेरिकेत आपल्या जबाबदारीइतके तारण ठेवावे लागे. पात्र कंपन्यांसाठी ती अट पाच वर्षांत काढायची होती, नाहीतर केंद्र राज्यांचे कायदे बाजूला सारू शकले असते. सप्टेंबर २०२२ च्या मुदतीआधी सगळ्या राज्यांनी आपापला कायदा दुरुस्त केला. परदेशी कंपनीच्या तारणाचा प्रश्न पाच वर्षांत ५० ठिकाणी सुटू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एआयजी या विमा समूहाच्या २००८ मधल्या प्रकरणाने कायद्यातली वेगळीच फट दाखवली. राज्यांचे नियामक एकेक विमा कंपनी तपासत होते. तिच्या डोक्यावर बसलेल्या समूहाकडे पाहण्याचे काम त्यांचे नव्हते. लंडनमधून चाललेल्या वित्तीय विभागाने पतहमीचे करार करून समूह गाळात घातला. केंद्रीय बँकेने आधी ८५ अब्ज डॉलर देऊ केले, आणि सरकारची एकूण बांधिलकी १८२ अब्जांपर्यंत गेली. ‘विमा कंपन्या भक्कम होत्या, दोष बाहेरचा’ असे राज्यांचे म्हणणे होते. ते अर्धेच खरे आहे. समूहातल्या आयुर्विमा कंपन्यांनी आपले रोखे उसने देऊन मिळालेला पैसा गृहकर्जाच्या रोख्यांत गुंतवला होता आणि तिथेही मोठे नुकसान झाले होते. मात्र राज्यांनी धडा घेतला. २०१० मध्ये समूहासंबंधीचा नमुना कायदा दुरुस्त झाला, आणि २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच्या जोखमीचा व भांडवलाचा लेखी आढावा दरवर्षी द्यायचा असा कायदा आला. दोन्ही अधिस्वीकृतीच्या अटींत गेले आणि म्हणून देशभर झाले. काँग्रेसने २०१० मध्ये केंद्रीय विमा कार्यालय काढले, पण त्याला मुख्यतः पाहण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा अधिकार दिला.

याच काळात एक बदल झाला तो आपल्याकडच्या बदलाशी जुळणारा आहे. आयुर्विमा कंपनीने दाव्यांसाठी किती राखीव ठेवायचे याची सूत्रे राज्यांच्या कायद्यातच लिहिलेली असत. उत्पादने गुंतागुंतीची झाली, सूत्रे तिथेच राहिली. २००९ च्या नमुना कायद्याने ती कायद्यातून काढून एका नियमपुस्तिकेत नेली; पुस्तिका एनएआयसी सुधारत राहील आणि कायदा तिच्याकडे बोट दाखवील. किमान ४२ राज्यांनी तो मंजूर केल्यावर जानेवारी २०१७ पासून तो सुरू झाला. भारतात २०१५ च्या दुरुस्तीने एजंटांच्या कमिशनच्या मर्यादांसारख्या गोष्टी १९३८ च्या कायद्यातून काढून नियामक प्राधिकरणाच्या विनियमांकडे दिल्या, त्यामागचा विचार हाच: आकडे कायद्यात कोरले की ते गंजतात.

पण यात धोकाही आहे, आणि तो कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दाखवला. आयुर्विम्याची उत्पादने एका ठिकाणी मंजूर व्हावीत म्हणून राज्यांनी आपसात करार करून आयोग नेमला आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा त्याच्या बाहेर आहेत. पॉलिसीधारकाने आत्महत्या केल्यास पहिली दोन वर्षे दावा नाकारता येईल, असे आयोगाचे मानक होते. कोलोरॅडोच्या कायद्यात ही मुदत एकच वर्ष होती. न्यायालय म्हणाले, विधिमंडळाने केलेला कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळ अशा आयोगाला देऊ शकत नाही. एकसारखेपणाच्या नावाखाली एका लाभार्थ्याचा दावा दुसऱ्या वर्षात बाद होणार होता. न्यायालयाने हात आडवा घातला. लवचीकपणा हवाच, पण पुस्तिका लिहिणारे कोणाला उत्तरदायी आहेत हा प्रश्न सोडून चालणार नाही. एनएआयसी हे सरकार नाही.

कंपन्यांच्या भक्कमपणाचे काम संपले असेही नाही. आयुर्विमा कंपन्या आपल्या जबाबदाऱ्या बर्म्युडासारख्या ठिकाणच्या किंवा आपल्याच मालकीच्या पुनर्विमा कंपन्यांकडे वळवतात आणि राखीव रक्कम कमी दिसते. न्यूयॉर्कच्या नियामकांनी २०१३ मध्येच याला ‘सावलीतला विमा’ म्हणत इशारा दिला होता. त्यानंतर खासगी गुंतवणूक कंपन्या या धंद्यात खोल शिरल्या आहेत. इथे नियम होत आहेत, हळू आणि तुकड्यातुकड्यांनी.

आता दुसरी बाजू. दावा नाकारला, महिनोन्‌महिने लटकवला, नूतनीकरण केले नाही, कारण न सांगता हप्ता वाढवला, अशा वेळी पॉलिसीधारकाने कुठे जायचे? अनुचित दावा व्यवहाराचा कायदा जवळपास सर्वत्र आहे, पण बहुतेक राज्यांत त्याखाली पॉलिसीधारकाला स्वतः कोर्टात जाता येत नाही. कारवाई करायची ती आयुक्ताने, तीही सहसा असा प्रकार वारंवार घडतो हे दिसल्यावर. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७९ मध्ये अपघातग्रस्तांना या कायद्याखाली दुसऱ्याच्या कंपनीवर दावा लावण्याचा अधिकार मान्य केला होता, तो १९८८ मध्ये काढून घेतला. या विषयाचा अधिस्वीकृतीत समावेश नाही. म्हणून राज्याचा कायदा तीस वर्षे जुना राहिला तरी कोणत्याही कंपनीचे काही बिघडत नाही, आणि विधिमंडळाच्या दारी जाऊन ‘लवकर करा’ असे म्हणणारे कोणी नसते.

दरांचा प्रश्न तर दोन टोकांना जाऊन बसला आहे. कॅलिफोर्नियात १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ‘प्रोपोझिशन १०३’ थोड्या मतांच्या फरकाने मंजूर केले. आयुक्ताच्या पूर्वमंजुरीशिवाय दरवाढ नाही, घर आणि गाडीच्या विम्यात सात टक्क्यांहून जास्त वाढ मागितली तर नागरिक सुनावणी मागू शकतात, आयुक्त निवडून आलेला. वाहनधारकांचे यात मोठे हित झाले. मात्र मतदारांनी केलेला कायदा विधिमंडळ सहजी बदलू शकत नाही, आणि नियम लिहिणाऱ्यांनीही तीस-पस्तीस वर्षे जुनी सूत्रे सांभाळली. दुसऱ्या टोकाला इलिनॉय. तिथला दरांचा कायदा १९७१ मध्ये मुदत संपून गेला आणि घर-गाडीच्या विम्यासाठी त्याची जागा घेणारा नियंत्रणाचा कायदा झाला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच राज्यात मुख्यालय असलेल्या स्टेट फार्मने घरांच्या विम्यात सरासरी २७.२ टक्के वाढ जाहीर केली, तेव्हा गव्हर्नरांच्या हातात निषेधाखेरीज फारसे काही नव्हते. मला दोन्ही टोके चुकीची वाटतात. धोक्याचे खरे मोजमाप नाकारणारा कायदा कंपनीला राज्याबाहेर ढकलतो. हिशेबच न मागणारा कायदा पॉलिसीधारकाला कंपनीच्या मर्जीवर सोडतो.

कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या तोडग्यात देवाणघेवाण आहे. कंपन्यांना भविष्याचे अंदाज आणि पुनर्विम्याचा खर्च दरात धरू दिला. बदल्यात वणव्याच्या पट्ट्यात त्यांनी राज्यातल्या आपल्या हिश्शाच्या ८५ टक्के इतके तरी विमे देण्याकडे जायचे. वणव्यांनंतर फेअर प्लॅनला कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर वसूल करावे लागले, १९९४ च्या भूकंपानंतर प्रथमच, आणि त्यातला निम्मा भार कंपन्या सर्वसाधारण पॉलिसीधारकांवर टाकू शकतात. म्हणजे सॅन होजेच्या सपाटीवर राहणारे कुटुंबही या आगीची किंमत भरते आहे.

फ्लोरिडाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्या मुद्द्याला नेमकी लागू पडणारी. ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर कित्येक कंपन्या बुडाल्या, बड्या कंपन्यांनी पाय काढता घेतला. राज्याने १९९३ मध्ये चक्रीवादळ निधी उभा केला, २००२ मध्ये ‘सिटिझन्स’ ही सरकारी कंपनी बनवली, आणि त्याच वर्षी राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता लागू केली. विम्याच्या कोणत्याही कलमापेक्षा या संहितेने घरे जास्त वाचवली, असे माझे मत आहे.

पुढचा पेच वकिलांच्या फीचा. पॉलिसीधारकाने कोर्टात दावा जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, असा कायदा तिथे १८९३ पासून होता. सामान्य माणसाला बड्या कंपनीशी लढता यावे म्हणून केलेली ही तरतूद. पण काही छप्पर ठेकेदारांनी वादळानंतर दारोदार फिरून पॉलिसीचे हक्क आपल्या नावावर लिहून घेतले आणि खटल्यांचा धंदा मांडला. घरांच्या विम्यावरचे देशातले बहुसंख्य खटले एकट्या फ्लोरिडात आहेत, असे राज्याच्या विमा नियामकांनीच दाखवून दिले. डिसेंबर २०२२ च्या खास अधिवेशनात ही तरतूद घरांच्या विम्यापुरती रद्द झाली, आणि हक्क लिहून घेणेही बंद झाले. दावा कळवण्याची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आली; कंपनीने निर्णय देण्याची मुदत ९० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्यानंतर नव्या कंपन्या आल्या आणि सिटिझन्सच्या पॉलिसी सुमारे १४ लाखांवरून १० लाखांच्या खाली गेल्या.

कंपन्यांच्या दृष्टीने ही सुधारणा यशस्वीच म्हणावी लागेल, आणि गैरप्रकारही खरेच होते. पण १३० वर्षे हातात असलेले हत्यार काढून घेताना प्रामाणिक पॉलिसीधारकाला बदल्यात काय मिळाले? त्रयस्थ मूल्यमापनाची सक्तीची व्यवस्था नाही, मुद्दाम कमी रक्कम देणाऱ्या कंपनीला आपोआप लागणारा दंड नाही. छप्पर उडालेल्या बाईला आता वकील शोधायचा तर फी स्वतःच्या भरपाईतून द्यायची. लहान दावा असेल तर वकील मिळणारच नाही. सुधारणेच्या दोन बाजू असतात आणि इथे एकच बाजू पूर्ण झाली.

माहितीच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. २०१५ मध्ये अँथेम या आरोग्य विमा कंपनीतून सुमारे ७ कोटी ९० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. माहितीच्या सुरक्षिततेचा नमुना कायदा २०१७ मध्ये तयार झाला आणि वीसहून अधिक राज्यांनी तो केला, कारण चोरीत कंपनीचेही नुकसान असते. कंपनीने स्वतः ग्राहकाची माहिती कशी वापरायची, कोणाला द्यायची, याचे नमुना नियम मात्र १९८० च्या दशकातले आणि २००० सालचे. आता तर गणिती प्रणाली खरेदीच्या सवयींपासून कर्जफेडीपर्यंत सगळे चाळून हप्ता ठरवतात. कोलोरॅडोने २०२१ मध्ये धाडसी कायदा केला: अशा माहितीच्या वापरातून वंश, लिंग वगैरे कारणांवरून अन्याय्य भेद होत नाही हे कंपनीने तपासून दाखवायचे. डिसेंबर २०२३ मध्ये एनएआयसीने यावर मार्गदर्शक पत्रक काढले. मार्गदर्शक पत्रक म्हणजे कायदा नव्हे.

आरोग्य विम्याबद्दल एवढेच सांगतो की तिथे मोठा भाग राज्यांच्या हाताबाहेर आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च बहुधा स्वतःच उचलतात, कार्डावर विमा कंपनीचे नाव केवळ व्यवस्थापनापुरते असते. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा योजनांना राज्याचा विमा कायदा लागत नाही. अमेरिकेतल्या आयटी क्षेत्रातली पुष्कळ मराठी कुटुंबे अशा योजनांत आहेत, आणि दावा नाकारला गेल्यावर राज्याच्या आयुक्ताकडे तक्रार केली की हे कळते.

मग करायचे काय? सगळे केंद्राकडे द्या, ही मागणी दर मोठ्या संकटानंतर उठते. मला ती पटत नाही. वणवा, वादळ, गारपीट यांचा धोका स्थानिक आहे, आणि काही उत्तम कल्पना लहान राज्यांतून आल्या आहेत. अलाबामाने वादळाला टिकेल असे छप्पर बसवायला १० हजार डॉलरपर्यंत अनुदान देण्याची योजना चालवली, त्यासाठी पैसा विमा कंपन्यांकडून येणाऱ्या शुल्कातून घेतला, आणि अशा घराला हप्त्यात सवलत देणे कंपनीवर बंधनकारक केले. धोका कमी करणाऱ्याला त्याचा मोबदला कायद्याने मिळतो. इतर किनारी राज्यांनी याचे अनुकरण सुरू केले आहे, ते योग्यच आहे.

कमतरता दट्ट्याची आहे. अधिस्वीकृतीच्या अटींत दाव्यांच्या वागणुकीचे कायदे घालावेत: दावा निकाली काढण्याची मुदत आणि उशिरावर व्याज, नाकारण्याचे लेखी कारण, नूतनीकरण न करण्याची पुरेशी आधी सूचना, वादात त्रयस्थ मूल्यमापन. कंपन्या विरोध करतील. भांडवलाच्या नियमांनाही केला होता. दुसरे म्हणजे आकडे. केंद्रीय विमा कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये ३३० हून अधिक कंपन्यांच्या २४ कोटींहून जास्त घरविमा पॉलिसींची २०१८ ते २०२२ ची माहिती पोस्टाच्या पिनकोडनिहाय प्रसिद्ध केली. हवामानाचा धोका जिथे सर्वाधिक, तिथे हप्ते जास्त आणि कंपनीकडून नूतनीकरण नाकारले जाण्याचे प्रमाणही जास्त, हे त्यात दिसले. ही माहिती एकदा गोळा झाली ती राज्ये आणि केंद्र यांच्या तात्पुरत्या समजुतीवर. ती दरवर्षी, कंपनीचे नाव देऊन, नाकारलेले दावे आणि पैसे मिळायला लागलेले दिवस यांसह प्रसिद्ध करावी, एवढे एक कलम राज्यांनी आपल्या कायद्यात घालावे. त्याला ना नवे खाते लागते ना नवा कर, आणि घर घेण्याआधी त्या पिनकोडात कोणती कंपनी दावा किती दिवसांत देते हे पाहणे कोणालाही शक्य होईल.